गायक गोव्याला गेला. बँड ठेवायचा की मोडायचा?

पत्र असं आहे:

"काका, मी बेळगावात अनगोळचा, वय २९. उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर कामाला आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही पाच जणांनी हार्ड रॉक बँड काढला, त्याला आता नऊ वर्षं झाली. एसी/डीसी आणि डीप पर्पल या परदेशी बँडची गाणी वाजवत आम्ही मोठे झालो. पहिली चार वर्षं जोरात गेली. कॉलेजची गॅदरिंगं, हुबळी-धारवाड, गोव्यात दोन सीझन, बेंगळुरूच्या एका स्पर्धेत दुसरा नंबर. मग लॉकडाऊन लागला आणि नंतर पूर्वीसारखं काही झालंच नाही. गेल्या वर्षभरात सहा शो, त्यातले दोन फुकट. मार्चमध्ये आमचा गायक गोव्याला निघून गेला. एका हॉटेलात आठवड्यातून पाच रात्री जुनी हिंदी-इंग्लिश गाणी गातो, महिन्याला पगार मिळतो. त्याने आम्हाला सांगितलंसुद्धा नाही, स्टेटस बघून कळलं. आमची स्वतःची सात गाणी आहेत, पाच मराठी, दोन इंग्लिश. शब्द बहुतेक त्याचे, चाली माझ्या. बासिस्ट कन्नड आहे, तो म्हणतो नवा गायक घेऊया. त्याने आणलेला मुलगा बैलहोंगलचा. आवाज जबरदस्त, पण मराठी जेमतेम. ड्रमर म्हणतो, हा गेला तिथंच बँड संपला, आता नाव बदला नाहीतर बंद करा. दुसरा गिटारवाला काहीच बोलत नाही. बाबा म्हणतात, 'बस्स झालं की आता, लग्नाचं बघूया.' माझ्या गिटारच्या ॲम्प्लिफायरचे अजून अकरा हप्ते आहेत. आणि रात्री आडवं झालं की कानात शीळ वाजत राहते, झोप नीट लागत नाही. मी काय करू?"

तुझं वय माझ्या धाकट्या मुलाएवढं आहे, म्हणून अरेतुरे करतो.

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहेस. कानात वाजणारी शीळ. बँडचं काय करायचं ते पुढच्या महिन्यात ठरवलं तरी चालेल, कान याच आठवड्यात दाखव. दिवसभर वर्कशॉपचा आवाज आणि संध्याकाळी बंद खोलीत ड्रम, वर दोन ॲम्प. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालू शकतो असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं मोजमाप आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. तुमची प्रॅक्टिस किती वेळ चालते ते तुला माहीत आहे. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओग्राम काढ, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी. वाजवणाऱ्यांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात, आवाज कमी होतो पण सूर दबत नाही. पाचही जणांना ते घ्यायला लाव, नव्या मुलालासुद्धा. वर्कशॉपमध्ये मालक देतो ते प्लग खिशात ठेवू नकोस, कानात घाल.

हे मी भीती घालायला सांगत नाही. ज्या एसी/डीसीची गाणी वाजवत तू मोठा झालास, त्यांच्या गायकाला, ब्रायन जॉन्सनला, २०१६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, डॉक्टरांनी सांगितलं की आत्ता थांबला नाहीस तर पूर्ण बहिरा होशील. चालू दौरा त्याला सोडावा लागला आणि उरलेले कार्यक्रम दुसऱ्या बँडच्या गायकाने, ॲक्सल रोझने, म्हटले. जॉन्सन परत आला तो २०२० च्या अल्बमला. त्याच्यामागे मोठी टीम होती आणि कानांवर काम करणारे तज्ज्ञ होते. तुझ्या कानांची काळजी तूच घ्यायची आहेस.

आता बँड. ड्रमर म्हणतो गायक गेला की बँड संपला. त्याचं हे म्हणणं मी हलकं धरत नाही, कारण लोकांच्या कानात बँड म्हणजे गायकाचाच आवाज असतो. पण याच जॉन्सनची गोष्ट त्याला पूर्ण सांग, कारण अर्धी सगळ्यांना माहीत असते.

एसी/डीसी निघाला १९७३ मध्ये, सिडनीत. माल्कम आणि अँगस यंग हे दोघे भाऊ. त्यांचा पहिला गायकसुद्धा टिकला नाही, १९७४ मध्ये बॉन स्कॉट आला. तो या पोरांपेक्षा बराच मोठा, आधी काही बँड करून थकलेला. पुढची पाच-सहा वर्षं यांनी क्लबांत आणि दौऱ्यांत रगडून काढली. १९७६ चा त्यांचा एक अल्बम अमेरिकेतल्या कंपनीने काढायलाच नकार दिला. १९७९ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा पहिल्या विसात जागा मिळाली, आणि १९ फेब्रुवारी १९८० ला बॉन स्कॉट लंडनमध्ये गेला. वय ३३. शिडीची वरची पायरी हाताला लागली आणि माणूसच गेला. भावांच्या मनात बंद करायचं आलं होतं. थांबू नका म्हणून सांगितलं ते स्कॉटच्या घरच्यांनी.

त्यांनी ज्याला घेतलं तो ब्रायन जॉन्सन तेव्हा काय करत होता? इंग्लंडच्या न्यूकॅसलकडे गाड्यांच्या छपराला व्हिनाइल बसवायचं दुकान चालवत होता. सात वर्षांपूर्वी त्याच्या जुन्या बँडचं एक गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या दहात होतं, नंतर सगळं ओसरलं. म्हणजे आपल्या उद्यमबागेत हाताला ग्रीस लागलेला, एकेकाळी गाजलेला आणि आता ३२ वर्षांचा झालेला माणूस. तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्याने दुकान सोडलं ते हाक आल्यावर, आधी नाही. तुझ्या वडिलांना ही गोष्ट ऐकव, आणि तुलाही सांगतो: नोकरी सोडू नकोस. ॲम्पचे अकरा हप्ते नोकरीच फेडणार आहे.

या गोष्टीतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची बाब. त्यांनी जॉन्सनला घेतलं आणि लगेच स्कॉटची गाणी गायला स्टेजवर उभं केलं नाही. आधी त्याला नवीन गाणी दिली, शब्द त्यालाच लिहायला लावले, बहामा बेटांवरच्या स्टुडिओत जाऊन 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम केला. स्कॉट गेल्यावर पाच-सहा महिन्यांत, २५ जुलै १९८० ला तो आला. दुखवटा म्हणून कव्हर काळं आणि सुरुवातीला घंटेचे टोल. बहुतेक लोकांना नवा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो त्याच्या स्वतःच्या गाण्यात. जुन्याशी तुलना करायला जागा राहिली, पण तो नक्कल करतोय असं कुणाला म्हणता आलं नाही. 'बॅक इन ब्लॅक' नंतर किती खपला ते तुला माहीत आहे.

तेव्हा बैलहोंगलच्या मुलाला जरूर घ्या, आणि पहिले चार महिने त्याला तुमच्या सात गाण्यांना हात लावू देऊ नका. तीन नवी गाणी करा. त्याची पट्टी कुठे बसते ते बघून चाल बांध. जुन्या गायकाचा आवाज वर चढायचा म्हणून याचाही चढलाच पाहिजे असं नाही. तीन गाणी उभी राहिली की मग एक छोटा शो करा. त्यात जुनी दोनच गाणी घ्या आणि तीही त्याच्या पट्टीत. चार महिन्यांत तीन गाणी झाली नाहीत तर ड्रमरचं बरोबर होतं असं समजा आणि बंद करा. ही मुदत पाचही जणांनी आधीच मान्य करायची, म्हणजे नंतर कुणी कुणावर ढकलणार नाही.

मराठी जेमतेम, ही तक्रार मला बेळगावात ऐकून खरंच वाईट वाटतं. सुळेभावी आपल्यापासून किती लांब आहे? कुमार गंधर्व १९२४ मध्ये तिथे जन्मले. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ, घरात कन्नड. भीमसेन गदगचे. या दोघांचे अभंग आणि भजनं ऐकताना महाराष्ट्रातल्या कुठल्या आजीने त्यांची मातृभाषा विचारली? शब्द कानाने शिकता येतात. तू त्याच्या शेजारी बसून एकेक ओळ म्हणून घे, 'च'चे दोन उच्चार शिकव, 'ळ' त्याचा तुझ्यापेक्षा चांगला असेल. आणि त्याला एक गाणं कन्नडमध्ये लिहू दे. तुमचा बासिस्ट नऊ वर्षं मराठी गाण्यांमागे वाजवतोय. हुबळी-धारवाडला ते गाणं तुम्हाला दार उघडून देईल. आपल्या भागात भाषेवरून काय होतं ते मला सांगायला नको. एक नोव्हेंबरच्या आठवड्यात एका बाजूला कर्नाटकचा राज्योत्सव असतो, दुसऱ्या बाजूला मराठी लोकांचा काळा दिन. त्या आठवड्यात शो ठेवू नका, पोस्टर लावू नका. उरलेले एकावन्न आठवडे मोकळे आहेत.

कुमारांचं नाव निघालं म्हणून तुमच्या पडत्या काळाबद्दल बोलतो. ऐन पंचविशीच्या आत त्यांना क्षय झाला. गाणं पूर्ण बंद. देवासला पाच-सहा वर्षं अंथरुणावर. एक फुप्फुस कायमचं निकामी. १९५३ च्या सुमारास ते परत गायला बसले तेव्हा लांब दमसास उरला नव्हता, तर त्यांनी तेवढ्याच श्वासात मावेल असं गाणं केलं. आणि पडून असताना खिडकीबाहेरून येणारी माळव्यातली लोकगीतं त्यांनी कानात साठवली होती, ती पुढे त्यांच्या गाण्यात उतरली. तुमची लॉकडाऊननंतरची पाच वर्षं त्यांच्या आजाराएवढी वाईट नव्हती. पण तू पत्रात शो मोजलेस, या पाच वर्षांत नवीन गाणी किती केलीस ते लिहिलं नाहीस. सातापैकी या काळातली किती? एकही नसेल तर तुझं खरं दुखणं तिथे आहे. गायक जायच्या आधीपासून ते आहे.

पडता काळ सगळ्यांना येतो, मोठ्यांना तर लांबलचक येतो. त्याच एसी/डीसीचे १९८३ आणि १९८५ चे अल्बम आधीच्यांच्या मानाने पडले. ड्रमर फिल रड १९८३ मध्ये भांडणातून बाहेर पडला. १९८८ च्या अमेरिका दौऱ्यात माल्कम नव्हता, दारू सोडायला घरी थांबला होता. त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही उभा राहिला. माल्कम दारू सोडून परत आला आणि १९९० चा अल्बम अमेरिकेत दुसऱ्या नंबरवर गेला. रड परत आला १९९४ मध्ये, अकरा वर्षांनी. आपल्याकडे मुंबईचा रॉक मशीन १९८४ मध्ये निघाला, पुढे इंडस क्रीड झाला, १९९७ मध्ये थांबला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. गावाच्या आकाराचं रडगाणंही सांगू नकोस. गंगटोकच्या पोरांनी २००९ मध्ये हार्ड रॉकचाच बँड काढला, गिरीश अँड द क्रॉनिकल्स, आणि बाहेरच्या देशांत जाऊन वाजवलं. गंगटोकला तर रेल्वेही नव्हती.

आता गायकाबद्दल. तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त राग इथे आहे आणि तो मला समजतो. पंचविशीत मी एका ऑर्केस्ट्रात बास वाजवायचो. गणपतीत आणि शिवजयंतीला खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, टेम्पोत सामान आणि सामानावर आम्ही. आमचा गायक एका सीझनच्या तोंडावर दुसऱ्या ऑर्केस्ट्रात गेला. त्यानेही सांगितलं नव्हतं, आम्हाला त्यांच्या बोर्डावर नाव वाचून कळलं. आम्ही त्याचे शेवटच्या तीन कार्यक्रमांचे पैसे दिले नाहीत. त्याच्या घरी आमचा मिक्सर होता, तो त्याने परत दिला नाही. पैसे किती होते? प्रत्येकी दोन महिन्यांचं चहापाणी. त्यावर एकोणीस वर्षं आम्ही बोललो नाही. त्याच्या आईच्या मातीला मी गेलो नाही. वर्षं उलटल्यावर तो स्वतः मिक्सर घेऊन दारात आला. आत झुरळांनी वायर खाल्ल्या होत्या. तो तेव्हा का गेला होता ते त्याने मला त्या दिवशी सांगितलं. बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं. आम्ही पाच जण रोज टेम्पोत शेजारी बसत होतो आणि कुणी त्याला विचारलं नव्हतं.

त्यामुळे तू गोव्याला जा. स्टेटस बघून राग धरून बसू नकोस. तो गातो त्या हॉटेलात एक रात्र ग्राहक म्हणून बस, त्याचं गाणं संपेपर्यंत थांब आणि मग चहा प्यायला बाहेर ने. त्याला दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, तू का गेलास. आणि दुसरी, सात गाण्यांचं काय करायचं.

ही दुसरी गोष्ट तोंडी ठेवू नका. कायद्याने गाण्याचे शब्द ही एक कृती आणि चाल ही दुसरी. शब्द त्याचे म्हणजे त्याचेच, चाल तुझी म्हणजे तुझी, आणि हा हक्क माणसाच्या हयातीनंतरही ६० वर्षं राहतो. उद्या नव्या मुलाकडून ती गाणी रेकॉर्ड करून घेतलीस आणि कुठे चालली, तर त्याची परवानगी आणि त्याचा वाटा लागणारच. एका कागदावर सात गाण्यांची नावं लिहा, पुढे शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा किती वाटा, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. डीप पर्पलच्या गाजलेल्या पाच जणांनी गाण्यांवर पाचही नावं घातली. एसी/डीसीने फक्त दोघे भाऊ आणि गायक एवढीच घातली, बास आणि ड्रमवाल्यांची नाहीत. दोन्ही पद्धती चालतात. कुठली धरायची ते गाणं चालायच्या आधी बोलून ठरवायचं. तुम्ही दोघं नंतर आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांचा मोबदला गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद होऊ शकता, गीतकार आणि संगीतकार म्हणून. नावाचंही तसंच. नाव बँडचं राहणार असं पाचही जणांनी लिहून द्या. फारच पुढे गेलात तर ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज करता येतो, मनोरंजनाचा वर्ग ४१. आज त्याची घाई नाही.

आणि त्याच्यासाठी दार बंद करू नकोस. अमेरिकेतल्या एरोस्मिथमधून १९७९ मध्ये ज्यो पेरी बाहेर पडला. त्या रात्रीचं भांडण एका बायकोने दुसरीवर भिरकावलेल्या ग्लासभर दुधावरून पेटलं होतं. खरं कारण नशा आणि पैसे. दोन वर्षांत दुसरा गिटारवालाही गेला. १९८४ मध्ये दोघं परत आले, तर परत आल्यानंतरचा पहिला अल्बम पडला! सगळे जमले म्हणजे लगेच गाडी रुळावर येते असं नसतं. त्यांनी व्यसनं सोडली, मग १९८७ च्या अल्बमने त्यांना पुन्हा वर आणलं. तुमचा गायक दोन वर्षांनी हॉटेलातल्या त्याच त्या वीस गाण्यांना कंटाळून परत येईल, कदाचित नाही येणार. आला तर बैलहोंगलच्या मुलाला बाजूला सारून त्याला माइक द्यायचा नाही, एवढं मात्र आत्ताच मनाशी ठरव. दोन आवाजांची गाणीही बांधता येतात.

वडिलांशी बोलायचं ते असं: ॲम्पचा हप्ता मी पगारातून भरतो, तो संपेपर्यंत बँडसाठी एकही नवीन वस्तू घेणार नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी बँडच्या, बाकी घरच्या. प्रॅक्टिस रात्री दहाच्या आत बंद, अनगोळच्या शेजाऱ्यांनाही झोप हवी असते. लग्नाला हो म्हणायचं असेल तर म्हण, पण जी मुलगी बघायला जाशील तिला पहिल्याच भेटीत या दोन संध्याकाळी सांगून टाक. ते लपवून केलेला संसार आणि बँड, दोन्हींचे हाल मी बघितले आहेत.

आणि तो दुसरा गिटारवाला, जो काहीच बोलत नाही. तू त्याच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंस. गायकाच्या आधी त्याच्याकडे जा. आमच्या टेम्पोतला तो गायकही असाच गप्प होता.

गोव्याला जाशील तेव्हा कामावरून सुटल्यावर रात्री बाईक काढू नकोस. पाऊस सुरू झाला की जांबोटी-कणकुंबीपासून पुढे धुकं उतरतं आणि चोर्लाच्या वळणांवर दरड येते. शनिवारी सकाळच्या बसने जा, रविवारी दुपारी परत ये. आणि कानाच्या डॉक्टरकडे त्याच्या आधी.